माणसाने उतरायचे की गाडीने चढायचे? पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्याच्या पदपथाचे परीक्षण

आईच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलल्यावर डॉक्टरांनी तिला रोज अर्धा तास सपाट जागेवर चालायला सांगितले. आम्ही घरापासून भाजी मंडईपर्यंतचा पदपथ निवडला. अंतर जेमतेम सहाशे मीटर. पहिल्याच दिवशी परत आल्यावर ती खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "हे चालणं नाही गं, ही जिन्याची चढउतार झाली." दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारून चालत मोजणी केली. त्या सहाशे मीटरांत तिला सतरा वेळा पदपथावरून रस्त्यावर उतरावे लागत होते आणि तितक्याच वेळा पुन्हा वर चढावे लागत होते, कारण प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, मोटारींना आत शिरताना धक्का बसू नये म्हणून, पदपथ तोडलेला होता. एका ठिकाणी त्याची उंची मी पट्टी लावून पाहिली तर ती सव्वीस सेंटिमीटर भरली. आमच्या जिन्याची पायरी सतरा सेंटिमीटरची आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी बालगंधर्व रंगमंदिरात दुपारच्या नाटकाला जायचे ठरले. आम्ही तासभर आधी निघालो, रिक्षा मॉडर्न कॅफेच्या चौकात सोडली आणि जंगली महाराज रस्त्याने बालगंधर्वपर्यंत चालत गेलो. त्या दिवसापासून गेल्या वर्षभरात मी या रस्त्यावर सकाळी, भर दुपारी, पावसात आणि नाटक सुटल्यावरच्या गर्दीत चालले आहे, आईला घेऊन वीसेक वेळा आले आहे आणि आठवड्यातून दोन-तीनदा सायकलवरून गेले आहे. हॉटेलचे, मोबाइलचे, इस्त्रीचे परीक्षण आपण आवर्जून लिहितो. आपल्याच करांतून बांधलेली आणि घराबाहेर पाऊल टाकताच वापरावी लागणारी ही सेवा कशी आहे, हे मात्र क्वचितच कोणी तपासून लिहिते, म्हणून हा लेख.

पुणेकरांना या रस्त्याची एक गोष्ट पाठ असते. १९७६ मध्ये रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन तो बांधला, आणि हमी संपल्यानंतरही कितीतरी वर्षे त्यावर खड्डा पडला नाही. ती कीर्ती खरीच आहे आणि आजही प्रत्येक पावसाळ्यात तिची चर्चा निघते. पण ती डांबराची कीर्ती होती, म्हणजे चाकांची सोय होती. कडेने चालणाऱ्या माणसाचा विचार करून रस्त्याची फेररचना व्हायला त्यानंतर चाळीस वर्षे जावी लागली. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण आणि शहरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने या रस्त्याचे पदपथ रुंद झाले, झाडे जागच्या जागी राखली गेली, बसायला बाके आली आणि मुलांसाठी पदपथावरच खेळायची साधने बसवली गेली.

पदपथ पाहताना बहुतेक लोक आधी त्याची रुंदी डोळ्यांत भरून घेतात. मी आधी फाटकाशी जाऊन उभी राहते. जिथे माणसाची वाट आणि गाडीची वाट एकमेकींना छेदतात, तिथे माणसाने उतरायचे की गाडीने चढायचे, या एका प्रश्नात पदपथ कोणासाठी बांधला आहे याचे उत्तर मिळते. जंगली महाराज रस्त्याच्या नव्या भागात बहुतेक फाटकांशी पदपथ आपली पातळी सोडत नाही. वाहन आत न्यायचे असेल तर त्याला लहान चढ चढून, पदपथावरून हळू जाऊन पलीकडे उतरावे लागते. हा चढ जेमतेम काही इंचांचा असतो, परंतु त्याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. दुसरा परिणाम मनावरचा आहे: पदपथाची फरशी सलग दिसत असल्यामुळे आपण दुसऱ्याच्या जागेतून जात आहोत हे चालकाला फलक न लावताही कळते. आमच्या भागातल्या फाटकांशी नेमके उलटे होते. तिथे डांबर सोसायटीच्या आतपर्यंत गेलेले आहे, त्यामुळे गाडीवाल्याला ती आपलीच जागा वाटते आणि चालणारी बाई मध्ये आल्यासारखी वाटते.

आईचा हात धरून चालणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. घराजवळ चालताना तिचा माझ्या मनगटावरचा भार दर तीस-पस्तीस मीटरांनी वाढतो, कारण उतरण्याआधी ती थांबते, काठी खाली टेकवून पाहते, मग उजवा पाय सोडते. त्या दुपारी मॉडर्न कॅफेपासून बालगंधर्वपर्यंत तो भार फारसा बदलला नाही. पाताळेश्वरचे लेणे मागे पडल्यावर ती थांबली, तेव्हा मला वाटले की ती दमली. ती वर पाहत होती. एका जुन्या झाडाच्या फांद्या पदपथावर आडव्या आल्या होत्या आणि त्यात पोपटांचा थवा बसला होता. "इथं मला खाली बघावं लागत नाही गं," ती म्हणाली. मी तिच्याबरोबर कित्येक महिने रस्त्याने चालत होते आणि तिची नजर सतत जमिनीवर असते याकडे माझे लक्षच गेले नव्हते.

रुंदीबद्दलही लिहायला हवे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्याची मोकळी जागा किमान १.८ मीटर असावी, व्यापारी भागात ती अडीच मीटर असावी, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवे येऊ नये. यातला १.८ मीटरचा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे: चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर त्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील, इतकी ती जागा असते. आणि ती मोकळी जागा आहे, पदपथाची एकूण रुंदी नव्हे. आपल्याकडे तीन मीटरचा पदपथ बांधतात आणि मग त्याच्या मधोमध विजेचा डीपी, केबलची पेटी, जाहिरातीचा खांब आणि बसथांब्याची पाठ उभी करतात; कागदावर तीन मीटर राहतात आणि पायाखाली साठ सेंटिमीटर. जंगली महाराज रस्त्यावर झाडे, दिव्यांचे खांब, बाके ही बऱ्याच अंशी एका रांगेत रस्त्याच्या बाजूला ठेवलेली आहेत आणि चालण्याचा पट्टा त्यांच्या आतून जातो. ही साधी रांग कोणाच्या छायाचित्रात येत नाही, पण पदपथाच्या रचनेतले सर्वांत मोलाचे काम तेच आहे. दृष्टिहीन माणसासाठी बसवलेल्या फरशीचाही उपयोग अशा रांगेमुळेच टिकतो. लांबट पट्ट्यांची फरशी म्हणजे पुढे चला आणि गोल ठिपक्यांची फरशी म्हणजे थांबा, पुढे काहीतरी बदलते आहे. शहराच्या एका दुसऱ्या रस्त्यावर ही पट्ट्यांची फरशी सरळ एका लोखंडी खांबावर जाऊन संपलेली मी पाहिली आहे. म्हणजे जिच्यावर विश्वास ठेवून माणसाने चालायचे तीच त्याला खांबावर नेऊन आदळते.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, अशी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. रोजची सरासरी काढली तर ती नव्वदच्या घरात जाते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आणि राज्यांनी पदपथांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखावीत, ते अपंग व्यक्तींना वापरता यावेत, त्यांवरची अतिक्रमणे हटावीत, असे सांगितले. हे वाचल्यापासून मी पदपथाला सुशोभीकरण म्हणणे सोडून दिले आहे. निविदांमध्ये आणि बातम्यांमध्ये हा शब्द अजूनही येतो आणि मला तो खटकतो. जिन्याला कठडा लावण्याला आपण घराची सजावट म्हणत नाही.

आता रस्ता ओलांडण्याविषयी. या रस्त्याचे गुण जिथे कमी पडतात ती जागा हीच. जंगली महाराज रस्ता एकेरी आहे, वाहने शिवाजीनगरकडून डेक्कनकडे जातात, त्यामुळे ओलांडताना एकाच बाजूला पाहावे लागेल अशी अपेक्षा असते आणि तत्त्वतः ती बरोबर आहे. परंतु एकेरी रस्त्याला समोरून येणाऱ्या वाहनाचा धाक नसतो, सर्व पट्टे एकाच दिशेने मोकळे मिळतात, आणि रहदारी विरळ असली की वेग वाढतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. चालकाला माणूस दिसून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढे अंतर संपते. ३० च्या वेगाने तेच अंतर सव्वाआठ मीटरांच्या आसपास असते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ५० च्या वेगाची धडक ३० च्या धडकेपेक्षा सुमारे पावणेतीन पट जबर असते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहने वरचेवर एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे म्हटले आहे ते याच हिशेबाने. जंगली महाराज रस्त्यावर रंगमंदिर आहे, उद्याने आहेत, देवळे आहेत, दुकाने आहेत, जवळ महाविद्यालये आहेत. माणसे आणि वाहने एकत्र येण्याची याहून पक्की जागा पुण्यात शोधूनही मोजक्याच सापडतील.

सिग्नलचा हिशेबही करून पाहावा. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा हे ठरवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने बारा मीटर रुंद रस्ता दहा सेकंदांत ओलांडला जातो. आईचा वेग मी घरच्या गच्चीवर मोजला. तो सेकंदाला ०.७ मीटर आहे, म्हणजे तिला त्याच बारा मीटरांना सतरा सेकंद लागतात. दिवा बदलतो तेव्हा ती अजून पाच मीटर आत रस्त्यात असते. तिच्यासारख्यांसाठी दोनच उपाय खरे आहेत. एक तर दिव्याची वेळ वाढवावी, किंवा झेब्रा क्रॉसिंगची जागा पदपथाच्या उंचीपर्यंत उचलून घ्यावी, जेणेकरून ती जागा स्वतःच रुंद, सपाट गतिरोधक होईल आणि फाटकाशी जे घडते तेच भर रस्त्यात घडेल: माणूस सरळ चालत राहील आणि गाडी चढेल. वळणाचा कोपरा थोडा काटकोनी ठेवला तरीही डावीकडे वळणाऱ्या वाहनांचा वेग कमी होतो. आपल्याकडचे चौक वाहनांना न थांबता वळता यावे म्हणून मोठ्या गोलाईचे केलेले असतात आणि नेमक्या त्या गोलाईवरच चालणाऱ्याला उभे राहावे लागते.

याच ओघात मी दुचाकींचा विषय घेते, कारण या रस्त्यावरच्या बहुतेक तक्रारी अखेर तिथेच येऊन थांबतात. पुढच्या चौकाचा वळसा वाचवण्यासाठी काही दुचाकीस्वार उलट्या बाजूने येतात आणि रस्त्यावर जागा नसली की पदपथावर चढतात. एकदा नाटक सुटल्यावर गर्दीबरोबर बाहेर पडताना मागून हॉर्न वाजला आणि आई दचकून माझ्या अंगावर रेलली. पदपथावर आपल्या मागून हॉर्न वाजेल ही कल्पना तिच्या पिढीला नाहीच. लोक म्हणतात की खांब ठोका. खांब ठोकण्यात एक अडचण आहे आणि ती प्रत्येकाने लक्षात घ्यावी अशी आहे. चाकाच्या खुर्चीला जायला दोन खांबांमध्ये साधारण ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते आणि स्कूटरचे हँडल त्याहून अरुंद असते. ज्या फटीतून खुर्ची जाईल तिच्यातून स्कूटरही जाईल, आणि स्कूटर अडेल अशी फट ठेवली तर खुर्चीतला माणूस बाहेर राहील. काही ठिकाणी नागमोडी लोखंडी अडसर बसवले जातात आणि त्यातून बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला तिरके होऊन जावे लागते. माझ्या मते इथे वस्तूंनी प्रश्न सुटत नाही. पदपथावर चढलेल्या दुचाकीला दर वेळी दंड होतो ही खात्रीच तो सोडवू शकते. लोखंडाचे अडसर लावून आपण दोषी माणसाला सोडतो आणि शिक्षा अपंगाला देतो.

सायकलस्वार म्हणून माझा अनुभव पादचाऱ्याइतका चांगला नाही. आईने १९६७ ते १९७१ ही कॉलेजची वर्षे याच भागातून सायकल चालवत काढली. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडले तेव्हा त्याच्या समोरून ती रोज जात होती. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत असत ते त्या काळात कोणालाही विशेष वाटत नसे. तिला सायकलमार्ग लागला नाही, कारण रस्त्यावर बाकी होतेच काय? आज मला तो लागतो. इथे सायकलसाठी पदपथाच्या बाजूने पट्टा आखलेला आहे आणि सकाळी साडेसात वाजेपर्यंत त्यावरून जाणे हा खरोखर आनंद असतो. झाडांची सावली असते, डांबरावरच्या बसची झळ लागत नाही. दहा वाजल्यानंतर मात्र त्या पट्ट्यात माणसे चालत असतात, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही, कारण फरशीच्या रंगात किंवा पोतात पुरेसा फरक नसेल तर चालणाऱ्याला तो पट्टा सायकलचा आहे हे कळावे तरी कसे? घंटा वाजवत माणसांमधून वाट काढणे मला अपमानास्पद वाटते. म्हणजे गाडीवाला माझ्याशी जे करतो तेच मी आजोबांशी करायचे. मी उतरते आणि सायकल हाताने ढकलत नेते किंवा खाली रस्त्यावर जाते.

थांबलेल्या मोटारींच्या शेजारून जाणाऱ्या कोणत्याही सायकलपट्ट्याला आणखी एक धोका असतो, तो अचानक उघडणाऱ्या दाराचा. मोटार आणि पट्टा यांच्यामध्ये दार पूर्ण उघडेल एवढी, निदान पाऊण मीटरची, रिकामी पट्टी ठेवली तर हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. तोपर्यंत मोटारीतून उतरणाऱ्यांना माझी एक विनंती आहे: दाराच्या जवळचा हात न वापरता लांबच्या हाताने दार उघडावे. डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने आणि चालकाने डाव्या हाताने. असे केले की अंग आपसूक वळते आणि मागून येणारी सायकल डोळ्यांना दिसते. मी आमच्या घरातल्या सगळ्यांना ही सवय लावली आहे आणि तिला महिनाभरही लागला नाही.

चालणाऱ्यासाठी मी या रस्त्याला पाचपैकी चार गुण देईन, सायकलसाठी अडीच, आणि ओलांडण्यासाठी दोनच. अडीच गुण कमी वाटतील, म्हणून त्यामागचे कारण सांगते. सायकलमार्गाची किंमत त्याच्या सलगपणात असते. पुण्यात २००६ मध्ये स्वारगेट, कात्रज, हडपसर मार्गांवर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू झाली तेव्हापासून सायकलमार्ग बांधले जात आहेत, आणि २०१७ मध्ये मंजूर झालेल्या सायकल आराखड्यात ८२४ किलोमीटरच्या मार्गांचे जाळे रेखाटलेले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली शहरात आल्या, कॉलेजची मुले त्यावरून हिंडू लागली, आणि दोन-तीन वर्षांत त्यांतल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. सायकल मिळत होती, पण ती घेऊन सुरक्षितपणे जायचे कुठून याचे उत्तर मिळत नव्हते. जंगली महाराज रस्त्यावरचा पट्टा कितीही चांगला झाला तरी मला घरून तिथपर्यंत साडेतीन किलोमीटर बस आणि टँकर यांच्यामधून यावे लागते. त्या वाटेवरच्या एका जुन्या सायकलमार्गावर पावसाळ्यात राडारोडा पडलेला असतो, मध्येच एक भिंत येते आणि भिंतीपाशी मार्ग संपतो. दोनशे मीटरांनी तो पुन्हा सुरू होतो. आठवीतल्या मुलीला मी तिथून सायकलने शाळेत पाठवणार नाही, आणि ज्या मार्गावरून आठवीतल्या मुलीला पाठवता येत नाही तो मार्ग माझ्या लेखी झालेलाच नाही.

पथारी व्यावसायिकांविषयी दोन शब्द लिहिणे गरजेचे आहे, कारण पदपथाची चर्चा निघाली की पहिला राग त्यांच्यावर निघतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना ठरलेल्या जागी व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे आणि ती जागा ठरवण्यासाठी समितीची तरतूद केली आहे. रुंद पदपथावर झाडांच्या रांगेतल्या मोकळ्या जागेत फुलवाली किंवा मक्याच्या कणसांची गाडी बसली तर चालण्याचा पट्टा मोकळा राहतो आणि संध्याकाळी सातनंतर एकट्या चालणाऱ्या बाईला त्यांच्या दिव्याचा आधारही वाटतो. मला स्वतःला वाटतो. अडचण येते ती पदपथ मुळातच दीड मीटरचा असतो तेव्हा, आणि तो तसा कोणी केला याचा जाब हातगाडीवाल्याला विचारून उपयोग नाही.

पुण्यात ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळला जातो. २०२१ मध्ये पहिल्यांदा लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांसाठी बंद ठेवला होता. आम्ही गेलो होतो. आईचे गुडघे तेव्हा फार दुखत होते, तरी ती रस्त्याच्या मधोमध, अगदी पांढऱ्या रेषेवरून, पाच मिनिटे चालली, आणि दुकानदार दारात येऊन गिऱ्हाइकांशी शांत आवाजात बोलत आहेत हे तिनेच मला दाखवले; एरवी हॉर्नच्या आवाजात त्यांना ओरडावे लागते. एका दिवसाच्या त्या अनुभवाची आणि जंगली महाराज रस्त्याची तुलना केली तर दुसऱ्याचे मोल मला जास्त वाटते. तिथे रोज जाता येते.

ज्यांना घरातल्या वृद्धांना किंवा लहान मुलांना घेऊन जायचे आहे त्यांनी सकाळी सात ते साडेआठ ही वेळ निवडावी. सुरुवात मॉडर्न कॅफेच्या बाजूने करावी, म्हणजे वाहने पाठीमागून येत असली तरी चाल डेक्कनच्या दिशेने सरळ राहते आणि पाताळेश्वर, जंगली महाराजांचे मंदिर, बालगंधर्व, संभाजी उद्यान असे विसाव्याचे टप्पे ओळीने मिळतात. पावसात झाडांच्या बुंध्यांशी जपून चालावे. मुळांनी काही ठिकाणी फरशी उचलली आहे आणि ओल्या पानांवरून काठी घसरते. परतीला डेक्कनवरून मेट्रो किंवा बस मिळते. चाकाची खुर्ची नेणाऱ्यांनी पहिल्या वेळी बरोबर आणखी एक माणूस घ्यावा, तो पदपथासाठी लागणार नाही, पण चौकात लागेल.

आई आता मंगळवारी आणि शुक्रवारी इथे येते. रिक्षावाला ठरलेला आहे, तो तिला पदपथाला लागून उतरवतो आणि तासाभराने संभाजी उद्यानापाशी घ्यायला येतो. मी बरोबर असलेच पाहिजे असे आता राहिलेले नाही. तिची कॉलेजातली मैत्रीण रस्त्याच्या पलीकडच्या गल्लीत राहते, तिच्या गॅलरीतून बालगंधर्वसमोरची झाडे दिसतात. दोघी फोनवर बोलतात, कधी एकमेकींना हात करतात. तिच्याकडे चहाला जायचे असले की आई मात्र मला रविवारपर्यंत थांबायला सांगते, कारण तो रस्ता ती अजून एकटी ओलांडत नाही.